घेऊन करणार काय?

आमच्या घरात आजही नवी वस्तू आली की बायको ती आधी ओट्यावर ठेवते, पदराला हात पुसते आणि बोटाच्या पेराने तिच्यावर दोनदा टकटक करते. परवा मिक्सरच्या भांड्यावर केली. गेल्या दिवाळीत तर नव्या उशीवर केली. उशी काही वाजली नाही. "आता याचा अर्थ काय लावायचा?" असं मी विचारलं, तर म्हणाली, "ज्यांना कळायचं त्यांना विचारायला तुम्ही तोंड ठेवलंत का?"

एवढं बोलून ती गॅसकडे वळते आणि मी पेपर उघडतो. नवरा-बायकोत सतरा दुखणी असतात, पण आमच्यातलं हे सगळ्यांत जुनं, आणि ते एका लॅपटॉपचं आहे.

आप्पा आमच्या फौंड्रीत इन्स्पेक्शनला होते. शिरोली एमआयडीसीत आमची कंपनी होती, पंपाचे आणि ट्रॅक्टरचे भाग ओतायची. मी तिथं डिस्पॅचला कारकून. माल आप्पा पास करायचे आणि चलन मी फाडायचो. देशाच्या औद्योगिक प्रगतीतला माझा वाटा म्हणजे कार्बन पेपर उलटा न लावणं, आणि तोही मला दर वेळी जमला असं नाही. राहायला आम्ही दोघंही मंगळवार पेठेत एकाच गल्लीत. त्यामुळे सकाळी सिटी बसला बरोबर, दिवसभर कंपनीत बरोबर आणि रविवारी त्यांच्या कट्ट्यावर परत बरोबर. माझ्या सख्ख्या भावाला मी इतका भेटलो नसेन.

आप्पा उंच, काळेसावळे, अंगात कायम अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट. फौंड्रीत पांढरा शर्ट घालणारे दोनच, एक मालक आणि एक आप्पा. मालकांचा संध्याकाळपर्यंत पांढरा राहायचा. आप्पांचं गाव कागलच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. घरात बोलणं कानडी, गल्लीत मराठी आणि मोजणी मात्र कुठंही असली तरी कानडीतच. "ओंदु, एरडु, मूरु" करत ते कास्टिंगच्या रांगेपुढून चालायला लागले की बाकी सगळे गप्प व्हायचे. मागून मी पॅड घेऊन.

कास्टिंग साखळीला टांगायचं आणि छोट्या हातोडीनं त्यावर एकच टोला द्यायचा. एकच. मग मान कलती करून डोळे मिटायचे. चांगला नग देवळातल्या घंटेसारखा बराच वेळ वाजत राहतो. आत कुठं केसाएवढी चीर असली तर आवाज बद्द येतो. हे मला नुसतं ऐकून माहीत. मला सगळे नग सारखेच वाजायचे. आप्पा मात्र डोळे उघडून पिवळ्या खडूनं फुली मारायचे, आणि ती फुली पडली की तो नग परत भट्टीत. एकदा दारात ट्रक उभा, ड्रायव्हर हॉर्न मारतोय आणि आप्पांनी रांगेतले निम्मे नग बाजूला काढलेले. मालक धावत आले.

"आप्पा, अहो गिऱ्हाईक एवढं बघत नाही हो!"

"गिऱ्हाइकाला आयकू येत न्हाई मालक. मला येतंय, त्याला मी काय करू?"

मालकांनी ट्रक परत पाठवला. मी फाडलेलं चलन रद्द केलं. अर्थात कार्बन उलटाच लागला होता, म्हणजे एका दृष्टीनं बरंच झालं.

असा माणूस गल्लीत राहत असताना कोण स्वतःच्या डोक्यानं वस्तू घेईल? नव्वदच्या त्या सगळ्या वर्षांत आमच्या गल्लीत पंखा, कुकर, सायकल, रंगीत टीव्ही, जे काही आलं ते आप्पांच्या होकारानं आलं. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. वस्तू कुठली, किंमत काय, कंपनी कुठली, हे सगळं नंतर. आधी म्हणायचे, "घिऊन करणार काय?"

हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. मी सेकंडहँड स्कूटर घ्यायचं म्हणालो तेव्हा मलाही विचारला. मी म्हटलं, "हिंडणार." "कोण कोण?" "आम्ही दोघं, मुलगी." "आणि?" "आणि… कधी गॅस सिलिंडर." झालं. आप्पांनी मला, बायकोला, मुलीला आणि भरलेल्या सिलिंडरला त्या स्कूटरवर बसवलं आणि पन्हाळ्याचा घाट चढून यायला सांगितलं. आम्ही गेलो. वरच्या वळणावर मुलगी सिलिंडरला मिठी मारून रडत होती. खाली आल्यावर आप्पांनी इंजिनाला हात लावला आणि म्हणाले, "घे." बायको उतरता उतरता म्हणाली, "आप्पा, स्कूटर बघितली का मला?" आप्पा म्हणाले, "तुला त्येच्या आईनं बघून घेतलीया. माझ्याकडं न्हाई ती जबाबदारी."

उन्हाळ्याआधी माठ घ्यायला ते कुंभार गल्लीत निघाले की मागे पाच-सहा बायका असायच्या. कुंभार लांबूनच हात जोडायचा. "आप्पा, आज किती फोडणार?" "फोडत न्हाई लेका, वाजवतोय. फुटणारं घरात फुटण्यापरास हितं फुटू दे की." एकदा तर पलीकडच्या घरच्यांनी मुलगा बघायच्या कार्यक्रमालाच आप्पांना नेलं. मुलगा इचलकरंजीचा, मागाच्या कारखान्यात सुपरवायझर, चांगला केस चापून बसलेला. पोह्यांच्या बशा फिरल्या. आप्पांनी त्याच्याकडं बघितलं आणि विचारलं, "लगीन करून करणार काय?" त्या बिचाऱ्याच्या हातातला चमचा थांबला. दोन्हीकडची माणसं हसून लोळली, पण आप्पा उत्तरासाठी थांबले होते. शेवटी तो म्हणाला, "संध्याकाळी घरी लवकर येईन." आप्पांनी होकार दिला. त्यांचा संसार आजही चांगला चाललाय.

त्यांच्या या दरबाराला एकच नियम होता. विचारलंस ना, मग उत्तर मिळेपर्यंत थांबायचं. उत्तर मिळाल्यावर ऐकायचं की नाही हा तुझा प्रश्न, त्याची चौकशी ते कधी करायचे नाहीत. पण आधी घेऊन मग विचारायचं नाही. आमच्या समोरच्या मास्तरांनी हे केलं. मिक्सर घेऊन झाला होता, आणि आप्पांना चहाला बोलावून विचारत होते, "आप्पा, मिक्सर घ्यावा म्हणतोय, कसं काय?" नेमकी त्याच वेळी आत मास्तरणीबाईंनी चटणी लावली. घर्रर्र. आप्पांनी कप बशीत ठेवला. "वाटून झाल्यावर इचारताय व्हय मास्तर?" उठले आणि चप्पल घालून निघाले. चहा अर्धा राहिला. त्यानंतर मास्तरांना त्यांनी कधीच कशाबद्दल मत दिलं नाही. बोलणं-चालणं सगळं होतं, मास्तरांच्या आईला दवाखान्यात न्यायला आप्पाच रिक्षा घेऊन आले होते. फक्त मत नाही. मास्तर माझ्याकडून आडून विचारून घ्यायचे.

हे सगळं मला पक्कं माहीत होतं. म्हणून तर पुढं जे केलं त्याला अजाणता केलं असंही म्हणता येत नाही.

आप्पांचे कान गेले ते एका दिवसात नाही. फौंड्रीत तीस वर्षं काढलेल्या कुणाचेच कान धड राहत नाहीत, पण आप्पांचे जाणार नाहीत असं आम्ही का कोण जाणे धरून चाललो होतो. आधी ते एकाऐवजी दोन टोले द्यायला लागले. मग टोला जोरात पडायला लागला. मग कधीतरी मी बघितलं, टोला देताना त्यांचा डावा तळहात नगाच्या दुसऱ्या टोकाला टेकलेला असतो. मान तशीच कलती, डोळे तसेच मिटलेले, पण ऐकत होता तो हात. मी कुणाला बोललो नाही. मला वाटलं, हाताला कळतंय ना, मग झालं.

पुण्याच्या गिऱ्हाइकाकडून एक अख्खी गाडी परत आली. आत चिरा. परतीची कागदं माझ्याच टेबलावर. आप्पा आले, म्हणाले, "एक टांग." टांगला. त्यांनी टोला दिला. मला नेहमीसारखाच वाजला. त्यांनाही नेहमीसारखाच वाजला असावा, कारण ते बराच वेळ तिथून हलले नाहीत. मग खिशातून खडू काढला आणि माझ्या टेबलावर ठेवून गेले.

तोवर धाकटे मालक आले होते. त्यांनी वाईट वागवलं असं मुळीच नाही. शाल दिली, नारळ दिला, भाषणात "कंपनीचा कान" असं म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आप्पांनीही वाजवल्या, दुसऱ्यांचं बघून, आणि सगळ्यांच्या नंतर थांबवल्या.

त्यानंतर गल्लीचं विचारणंही हळूहळू बंद पडलं. कुणी ठरवून केलं नाही. एक तर हप्त्यांवर वस्तू मिळायला लागल्या होत्या. आज बघितली, उद्या दारात. आणि दुसरं, आप्पांना काही विचारायचं तर ओरडावं लागायचं. कोपऱ्यावरच्या काकांनी गुडघे दुखतात म्हणून घरात कमोड बसवायचा की नाही हे आप्पांना विचारलं, तेव्हा त्यांच्या गुडघ्यांपासून पोटापर्यंतची सगळी हकीकत अख्ख्या गल्लीनं ऐकली, आणि वरच्या माडीवरून कुणीतरी "बसवा, बसवा!" असा परस्पर निकालही दिला. मग कोण कशाला विचारेल? आप्पांनी पाटी आणली, शाळेतली, लाकडी चौकटीची. कट्ट्यावर बसताना शेजारी पाटी आणि पेन्सिल ठेवायचे. लोक येता-जाता त्यावर "बरं आहे ना?" लिहायचे, ते मान हलवायचे, आणि ओल्या फडक्यानं पुसायचे. दिवसातून पाच-सात वेळा "बरं आहे ना?" आणि पाच-सात वेळा फडकं.

दोन हजार सातमध्ये आमच्या मुलीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. कॉम्प्युटरचीच बाजू, तेव्हा लॅपटॉप पाहिजे. माझा मेहुणा पुण्यात असतो आणि पुण्यात असल्यामुळे त्याला सगळं कळतं. त्यानं फोनवरून सांगितलं, "भावजी, स्वस्तातली ऑफर आहे, गणपतीपर्यंतच. कॉन्फिगरेशन एकदम मस्त आहे." कॉन्फिगरेशन म्हणजे काय हे मला विचारता आलं असतं, पण मेहुण्याला कोण विचारतो? मी आणि मुलगी राजारामपुरीतल्या दुकानात गेलो. दुकानदारानं झाकण उघडलं, निळा पडदा लागला. बरोबर पिशवी आणि माऊस फुकट. पिशवी बघून मी भाळलो, हे आज कबूल करायला हरकत नाही. तासाभरात घेऊन घरी.

बायकोनं ओवाळलं आणि पहिलं वाक्य बोलली, "आप्पांना विचारलंत?"

"सांगून येतो की."

खरंच, मी सांगायलाच गेलो होतो. खिशात पेढ्यांची पुडी होती आणि हातात दुकानातून मिळालेलं पत्रक, त्यांना दाखवायला. आप्पा कट्ट्यावर बसले होते. मी पत्रक पुढं केलं. त्यांनी ते घेतलं, चष्मा लावला, वरपासून खालपर्यंत बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. तो चेहरा मी किती वर्षांत बघितला नव्हता! फौंड्रीत रांगेच्या सुरुवातीला उभे राहायचे ना, तसा.

"इचाराय आलास व्हय?"

एका शब्दाचं उत्तर. "नाही" म्हणायचं, पुडी सोडायची, पेढा हातावर ठेवायचा. एवढंच करायचं होतं.

मी मान हलवून म्हटलं, "व्हय."

पेढे तसेच घरी आणले. बायकोनं पुडीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि कपाळाला हात लावला. म्हणाली, "पुन्हा विचारतील तेव्हा तरी खरं सांगा." मी म्हटलं, "अगं, दोन दिवसांत काहीतरी सांगतील, मी घेतला म्हणेन, विषय संपला. तेवढाच त्यांना विरंगुळा." विरंगुळा! हा माझा शब्द.

दोन दिवस नाही, तीन आठवडे लागले. आप्पांनी पत्रकातला एकेक शब्द वहीत मराठीत उतरवून घेतला. प्रोसेसर. रॅम. हार्ड डिस्क. प्रत्येकासमोर लिहिलं, "काम काय?" आणि ती वही आणि पाटी घेऊन रोज सकाळी बसनं निघायचे. राजारामपुरी, शाहूपुरी, जिथं म्हणून कॉम्प्युटरची पाटी दिसेल तिथं. ऐकू येत नाही, इंग्रजी येत नाही. दुकानदाराच्या हातात पाटी द्यायची आणि लिही म्हणायचं. एका दुकानात "पावणं, घ्यायचा हाय का नुसता चौकशीचा धंदा?" असं कुणीतरी पाटीवर लिहून दिलं. त्यांनी त्याच्याखाली लिहिलं, "चौकशी." हे त्यांनीच मला हसत हसत सांगितलं.

एक दिवस ते आमच्या घरीच आले. मुलीला विचारायला. दारात त्यांची काठी वाजली आणि आमची तारांबळ उडाली. मुलीनं लॅपटॉप गाद्यांच्या चळतीत खुपसला आणि त्यावर आमची जाड वाकळ टाकली. आप्पा त्याच चळतीला टेकून बसले.

"बाळ, दिवसभरात त्येच्यावर करणार काय काय? लिवून दे."

मुलीनं लिहिलं. प्रोग्राम लिहिणार, तो चालवून बघणार, बाजूला पुस्तक उघडं ठेवणार, नेट बघणार.

"ह्ये सगळं एकदम का एक झाल्यावर एक?"

"एकदम," मुलीनं लिहिलं.

आप्पांनी वहीत काहीतरी उतरवलं आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "मला हितंच शंका हुती." मुलगी चहा आणायच्या निमित्तानं आत गेली ती आलीच नाही. नंतर कळलं, मोरीत उभी राहून रडत होती. मला म्हणाली, "बाबा, तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते." मी म्हटलं, "आता निकालच येतोय." निकाल आल्यावर काय बदलणार होतं, हे मला आजही माहीत नाही.

निकाल रविवारी दिला. कट्ट्यावर मला शेजारी बसवून घेतलं आणि वही उघडली.

"आयक. हार्ड डिस्क म्हंजे गोदाम. त्ये दिलंय ऐसपैस. रॅम म्हंजे काम करायचा ओटा. पोरगी चार कामं एकदम मांडणार आन ओटा दिलाय चौरंगाएवढा. त्यातला बी एक कोपरा पडद्यानं धरलेला असतोय. वरनं आत जी नवी शिस्टीम घातलीया ती एकटीच एवढी जाडी, की ती बसली की दुसऱ्याला जागाच न्हाई. दिसाय चांगला हाय, दोष वस्तूत न्हाई. दोष ह्या कामाला ही वस्तू घेण्यात हाय. घिऊ नको. रॅम दुप्पट करून देत असला तर घे, न्हाईतर तीन म्हैनं थांब."

मी मान हलवत राहिलो. घरी लॅपटॉप सुरू व्हायला सहा-सात मिनिटं घेत होता. मेहुणा म्हणत होता, "नवीन आहे, बसेल हळूहळू." आणि इथं, फौंड्रीतून कान गेला म्हणून घरी बसवलेला माणूस, एक अक्षर ऐकू येत नसताना, न बघितलेल्या वस्तूचा नेमका दोष सांगत होता.

वही मिटता मिटता ते म्हणाले, "आन समज, एकाद्यानं घेतलाच असंल, तर त्येनं आनखी एक पट्टी घालून घ्यावी. आत एक खाच मोकळी असती. इचारून आलोय मी."

मला वाटलं, बोलण्याच्या भरात म्हणाले.

ती पट्टी मी घालून घेतली का? नाही. आधी म्हटलं, उघडला तर वॉरंटी जाईल. मग म्हटलं, सहामाही होऊ दे. मग मुलगीच म्हणाली, "राहू दे बाबा, सवय झाली." आप्पा घरी यायचे कमी झाले होते आणि आले की वाकळ तयार असायची. अशी दोन वर्षं.

त्या दोन वर्षांत आप्पा बदलले. लक्ष्मीपुरीत भाजी घ्यायला गेलो तर आप्पा दिसले. बाई वांगी पिशवीत टाकत होती आणि ते दुसरीकडं बघत होते. एक वांगं हातात घेतलं नाही. त्या उन्हाळ्यात त्यांच्या घरातला माठ पाझरत होता, खाली परात ठेवली होती. कोपऱ्यावरच्या काकांनी पाटीवर लिहून विचारलं, "कूलर घ्यावा का?" आप्पा म्हणाले, "तुमचं तुमी बघा." गल्लीत सगळे म्हणाले, वय झालं. मीही म्हणालो. सगळ्यांत आधी बहुधा मीच म्हणालो.

मुलीच्या लॅपटॉपचं झाकण बिजागरीपाशी मोडलं तेव्हा मी तो त्याच दुकानात नेला. दुकानदारानं मला ओळखलं. झाकण बसवता बसवता म्हणाला, "ते म्हातारबाबा कसे आहेत, पाटीवाले? तुमच्याच ओळखीचे ना?"

"तुमच्याकडं आले होते?"

"आले होते म्हणजे? तुम्ही घेऊन गेलात, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी. तुम्हाला दिलेलं पत्रक घेऊन, पत्ताही तुमच्याच गल्लीचा सांगितला. मी पाटीवर लिहून दिलं की, तुमच्या गल्लीतल्या साहेबांनी काल हाच पीस नेला, त्यांच्याकडं बघा चालवून."

"मग?"

"मग काय, वाचलं. पुसलं. आणि म्हणाले, आता रॅमचं सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळी. म्हणजे बाकीचे वीस दिवस आप्पा हिंडले ते सगळं माहीत असताना. गाद्यांच्या चळतीला टेकून बसले तेही.

पाटीवर लिहायला माझा हात धजला नसता. मुलीनं त्या लॅपटॉपवर मोठ्या अक्षरांत माझं पत्र टाइप करून दिलं. चार ओळी. आप्पांना मोतीबिंदू होता, तेव्हा अक्षरं पेरूएवढी. रविवारी सकाळी मी लॅपटॉप घेऊन कट्ट्यावर गेलो, त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि बटण दाबलं.

आणि मग आम्ही बसलो. तो सुरू होईना. म्हणजे होत होता, त्याच्या गतीनं. काळा पडदा, मग निळा पडदा, मग ते गोल फिरणारं चक्र. माफी मागायला गेलेल्या माणसावर अशी वेळ येऊ नये. आप्पा आधी पडद्याकडं बघत होते, मग माझ्याकडं बघायला लागले. मी चक्राकडं बघत होतो.

"रोजच एवढा येळ लागतोय?"

मी मान हलवली.

"पोरगी काय करती तंवर?"

पाटीवर लिहिलं, "चहा पिते."

"दोन वर्सं?"

आप्पांनी लॅपटॉपच्या खालच्या बाजूला हात लावला, गरम होता, हात तिथंच ठेवला. म्हणाले, "सांगिटलं हुतं की. पट्टी घाल म्हनून."

अखेर पत्र उघडलं. "आप्पा, तुम्हाला विचारलं तेव्हा घेऊन झाला होता. सांगायलाच आलो होतो, पण सांगवलं नाही. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून गप्प बसलो. माझं चुकलं." त्यांनी बोट ठेवून ठेवून वाचलं. शेवटाला जाऊन परत मधल्या ओळीवर आले.

"वाईट वाटंल म्हनून?" ते म्हणाले. "त्ये तर वाटलंच की."

मी पाटी ओढली. लिहिलं, "मग तीन आठवडे हिंडलात कशाला?"

त्यांनी वाचलं आणि माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी अगदीच साधी गोष्ट विचारली होती.

"तू इचारलं हुतंस की."

गल्लीतून कुणीतरी सायकलवरून गेलं, आप्पांना हात केला. आप्पांनीही केला. मी पाटी पुसली आणि जे दोन वर्षांपूर्वी विचारायला पाहिजे होतं ते खरोखरचं लिहिलं. "मुलीला दुसरा घ्यायचा आहे. बघाल का?" खाली लिहिलं, "अजून घेतलेला नाही." पाटी दोन्ही हातांनी त्यांच्यापुढं धरली.

आप्पांनी ती बराच वेळ वाचली. दोन ओळींना लागतो त्याहून पुष्कळ जास्त. मग फडकं घेतलं आणि कोपऱ्यापासून सुरुवात करून सगळी पाटी स्वच्छ पुसली.

"न्हाई बाबा," ते म्हणाले. रागानं नाही. मास्तरांशी बोलायचे तसंही नाही. "आता जमत न्हाई. तुझं तू बघ."

मग लॅपटॉपकडं बोट करून म्हणाले, "बंद कर त्येला. तापलाय."

मी बंद करायचं बटण दाबलं. बंद व्हायलाही तो वेळ घ्यायचा. पडदा निळा झाला, चक्र फिरायला लागलं. मधेच झाकण मिटलं तर बिघडतो, असं मुलगी सांगायची. त्यामुळे मला उठता येईना आणि आप्पा उठले नाहीत. चक्र थांबेपर्यंत आम्ही दोघं त्याच्याकडं बघत बसून राहिलो.